पाणवठ्यापासून पाव मैल

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला चिकटून, काबेझा प्रिएटा हे वन्यजीवांसाठी राखलेलं वाळवंट आहे. विस्तार सुमारे ८ लाख ६० हजार एकर. १९३९ मध्ये ते राखीव झालं, ते मुख्यतः मोठ्या वळणदार शिंगांच्या बिगहॉर्न मेंढ्यासाठी. त्याच मेंढ्याची शिकारही तिथे परवान्याने करता येते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपत गेले, त्यामुळे राखीव रानात बंदूक घेऊन जायचा परवाना मिळतो हेच आपल्याला खटकतं. मलाही ते रुचत नाही. पण तिथले नियम वाचले की ते मन लावून केलेले आहेत, हे मान्य करावं लागतं.

वाळवंटी मेंढा मारायची परवानगी सोडतीने मिळते आणि एका माणसाला त्या राज्यात जन्मात एकच मेंढा मारता येतो. सोनोरन प्राँगहॉर्न हे हरणासारखं जनावर २००२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या हद्दीत जेमतेम २१ उरलं होतं. त्याच्या विणीच्या काळात, १५ मार्च ते १५ जुलै, या क्षेत्राचा बहुतेक भाग सगळ्यांनाच बंद असतो.

माणसाच्या जिवाची बाब मात्र ज्याच्या त्याच्यावर सोपवलेली आहे. या वाळवंटावरून लष्कराची विमानं सरावासाठी उडतात आणि वाळूत न फुटलेला दारूगोळा पडलेला असू शकतो. म्हणून आत जाणारा शिकारी असो की नुसता भटक्या, इजा झाली किंवा जीव गेला तर सरकारला जबाबदार धरणार नाही, असं त्याच्याकडून आधी लिहून घेतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि मदत पोचायला वेळ लागतो. प्यायचं पाणी ज्याने त्याने बरोबर न्यायचं.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो अ‍ॅरिझोनाचा पाणवठ्याचा कायदा. आसपास दुसरं पाणी नसेल, तर जनावरांची वाट अडेल अशा रीतीने पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत, मुक्काम करायचा नाही. या डोंगरांत पाणी साठतं ते खडकातल्या खळग्यांत, आपल्या गडांवर टाकी असतात तसं. फक्त ही निसर्गाने कोरलेली. तंबू ठोकून माणसं तिथे बोलत बसली, की तहानलेला मेंढा वरच्या कड्यावरच थबकतो. गोळी न झाडताही तो मरू शकतो. २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी रानात आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावायलाही राज्याने बंदी केली. पाणवठ्यांवर झालेली कॅमेऱ्यांची गर्दी हे त्याचं एक मोठं कारण होतं. तहानेने आलेलं जनावर सावज म्हणून फार सोपं असतं. उन्हाळ्यात पाणवठ्यावर दबा धरणारा चोरटा शिकारी आपल्या रानांनाही नवा नाही, तेव्हा हा नियम किती शहाणपणाचा आहे ते आपल्याला सांगावं लागू नये. दुष्काळात तर तिथे जनावरांसाठी बांधलेल्या टाक्यांत बाहेरून पाणी आणून ओततात.

पण याच वाळवंटातून सरहद्द ओलांडणारी माणसंही चालत येतात आणि त्यांतली कित्येक तहानेने मरतात. त्यांच्यासाठी ‘नो मोअर डेथ्स’ या संघटनेचे स्वयंसेवक पाण्याचे कॅन ठेवत. २०१७ मध्ये प्रवेश-परवान्यातच अट आली, की अन्न, पाणी, औषधं मागे ठेवून जायचं नाही. त्याच वर्षी चार स्वयंसेविकांनी परवाना न काढता आत जाऊन पाणी आणि डबाबंद घेवडा ठेवला. विनापरवाना प्रवेश केला आणि सामान टाकून दिलं, म्हणून २०१९ मध्ये त्या दोषी ठरल्या. २०२० च्या सुरुवातीला वरच्या न्यायाधीशांनी ती शिक्षा रद्द केली. जीव वाचवणं हा त्यांच्या श्रद्धेचा भाग होता आणि त्या श्रद्धेला कायद्याचं संरक्षण आहे, असा तो निकाल.

निकाल चांगलाच झाला, पण तो त्या चौघींपुरता. राखीव रानात प्लास्टिक पडू नये, हे मला मान्य आहे. रिकामे कॅन उचलून न्यायची सक्ती जरूर करावी; हे स्वयंसेवकही त्याला नाही म्हणणार नाहीत. ठरावीक जागी, जनावरांच्या वाटेपासून दूर, खुणेचं पिंप उभं करता येतं. मेंढ्याला पाणी पिता यावं म्हणून शिकाऱ्याचा तंबू पाव मैल मागे सारणाऱ्या व्यवस्थेला हे अवघड नाही. परवान्यातली पाणी ठेवण्याची मनाई काढून तिथे एवढी तरतूद घालावी.