एका ‘एच’ची किंमत

१८८२ साली लंडनची सरकारी टाकसाळ नव्या यंत्रांसाठी काही महिने बंद होती. त्यामुळे त्या वर्षाच्या ब्राँझच्या पेन्या बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीने पाडल्या आणि सालाखाली बारीकसा ‘एच’ उमटवला. ही पेनी आजही सहज मिळते. मात्र त्याच सालच्या, ‘एच’ नसलेल्या काही मोजक्या पेन्या सापडल्या आहेत आणि चांगल्या स्थितीतल्या अशा नाण्यावर हजारो पौंडांची बोली लागते.

लबाडी शिरते ती इथेच. ‘एच’ कधी वापराने झिजून जातो, कधी मुद्दाम घासून काढला जातो. दोन्ही नाणी ‘दुर्मीळ’ म्हणून खपवली जातात.

एवढ्याशा फरकाला पैसे मोजणे हा निव्वळ छंदिष्टपणा आहे, असे म्हणणाऱ्यांनी १९२६ची पेनी पाहावी. पाचव्या जॉर्जचा मुखवटा इतका मोठा आणि उठावदार होता, की ठोका बसताच धातू तिकडे ओढला जाई आणि मागच्या बाजूच्या ब्रिटानिया या स्त्रीमूर्तीवर राजाच्या डोक्याची सावली पडे. टाकसाळीने मुखवटा थोडा बदलला. त्या वर्षी जुना आणि नवा असे दोन्ही ठसे वापरले गेले. नव्याची नाणी कमी. कारागिरांची एक अडचण आणि तिच्यावरची तोड त्या नाण्यात दिसते. अशा फरकाला किंमत यायलाच हवी.

पण प्रत्येक फरकाला नाही. १९०२च्या पेनीत ब्रिटानियामागची समुद्ररेषा काही नाण्यांवर खाली आहे. हा ‘लो टाइड’ नुसत्या डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक भरपूर. मायकेल फ्रीमन यांनी १९७०च्या ग्रंथात ब्राँझ नाण्यांचे ठसे क्रमांक देऊन लावले, हे मोलाचे काम आहे. मात्र त्यातल्या पुढच्या-मागच्या ठशांच्या काही जोड्या भिंगाखालीच ओळखू येतात. त्या कितीही विरळ असल्या तरी मागणारे मूठभर, म्हणून भाव बेताचा. केवळ ‘विरळ ठसा’ सांगून नवशिक्याकडून भरमसाट पैसे घेणे ही फसवणूकच आहे.

त्यामुळे ‘एच’ नसलेली १८८२ची पेनी कुणी पुढे केली, तर आधी भिंग काढावे. सालाखालचा पृष्ठभाग भोवतालसारखाच गुळगुळीत आहे का, तिथे ओरखडे किंवा खळगा आहे का, हे पाहावे. शंका उरली, तर पाकीट उघडू नये.