क्लचचे तेल जाते कुठे?

घरातल्या बंद डब्यातले तूप कमी झाले तर लगेच चौकशी होते. गाडीच्या क्लचचे तेल कमी झाले तर मात्र कोणी काही विचारीत नाही. बाटली उघडायची, वरच्या टाकीत तेल ओतायचे आणि गाडी हाकायची, की झाले! धाराशिव जिल्ह्यातल्या वडापच्या जीपगाड्या असोत की उसाचे ट्रक, पुष्कळांचे असेच चालते. ही दुरुस्ती नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि या सवयीचा थोडा दोष आम्ही शाळांच्या पदरात घालू इच्छितो.

आधी यंत्र समजून घेऊ. मोटारसायकलच्या क्लचला तार असते. पुष्कळ जीप, ट्रक आणि बसगाड्यांत तारेचे काम तेल करते. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो. तेल नळीतून खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरात जाते, तिथला दट्ट्या एका दांडीला रेटतो आणि क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि गिअर यांची तेवढ्यापुरती फारकत होते. ती पुरती झाली नाही तर गिअर टाकताना करकर आवाज येतो. रिव्हर्स गिअर तर ऐकतच नाही.

या मार्गात तेल जळत नाही की खर्च होत नाही. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकच्या तेलाची पातळी थोडी उतरते, पण क्लच प्लेट झिजल्याने क्लचच्या तेलाची पातळी उतरत नाही. मग तेल कमी झाले याचा अर्थ एकच : ते कुठून तरी बाहेर पडले.

याबाबत ब्रिटनच्या एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. त्या अजूनही हौशी मंडळी स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून चालवतात. तिच्या मास्टर सिलिंडरचा आतला व्यास सुमारे १९ मिलिमीटर, तर स्लेव्हचा सुमारे ३२. क्षेत्रफळे काढून पाहा. खालचे वरच्याच्या पावणेतीन पट भरते. वरच्या दट्ट्यावर १० किलोचा जोर दिला तर खाली सुमारे २८ किलोचा मिळतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. वरचा दट्ट्या २८ मिलिमीटर सरकला तर खालचा जेमतेम १० मिलिमीटर सरकेल. ब्लेझ पास्कलचा हा नियम त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला आणि जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये त्यावरूनच दाबयंत्राचे पेटंट घेतले.

आता या मार्गात ४ घनसेंटिमीटर हवा शिरली असे समजा. पूर्ण पेडल दाबल्यावर वरून साधारण ८ घनसेंटिमीटर तेल ढकलले जाते. दाब वातावरणाच्या दहापट झाला की बॉईलच्या नियमाप्रमाणे हवा दबून ०.४ घनसेंटिमीटर उरते. म्हणजे आपल्या पायाची ३.६ घनसेंटिमीटर मेहनत नुसती हवा दाबण्यात गेली! स्लेव्हचा दट्ट्या १० ऐवजी साडेपाच मिलिमीटरच सरकतो आणि पेडल स्पंजासारखे लागते.

ही हवा काढणे हा प्रत्येक गॅरेजातला नेहमीचा कार्यक्रम. एकजण पेडल मारतो, दुसरा खालचे निपल उघडतो-मिटतो. गंमत अशी की हवेला वर जायचे असते आणि आपण तिला तेलाबरोबर खाली रेटत असतो. म्हणून हट्टी हवा असेल तर तेल खालच्या निपलमधून वर चढवावे. ज्याला बुडबुडा वर का जातो हे ठाऊक आहे, त्याला ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही.

परंतु हवा शिरली कुठून, हा प्रश्न राहतोच. स्लेव्हची रबरी टोपी उलटून पाहावी. आत ओल असेल तर तिथला वॉशर गेला. चालकाच्या पायाशी, पेडलच्या दांडीवर तेल दिसले तर मास्टरचा वॉशर गेला. कधी पातळी जागच्या जागी असते, पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसते. तेव्हा मास्टरमधले तेल आतल्या आत दट्ट्याला वळसा घालून मागे येत असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, ओलीने सिलिंडरला आतून गंज चढतो आणि तो खडबडीत पृष्ठभाग रबर कुरतडतो. ब्रेक ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइल ओतणारे तर या रबराचे वैरीच म्हणायचे. त्या तेलाने वॉशर फुगतो आणि कायमचा निकामी होतो.

एमजीबीच्या मालकांना आणखी एक रोग चांगला परिचित आहे. तेल ठीक, हवा नाही, तरीही क्लच सुटत नाही. पेडल आणि मास्टरची दांडी यांना जोडणारी लहानशी पिन झिजलेली असते, तिचे भोक लांबोळे झालेले असते. तिथे ३ मिलिमीटर सैलपणा असला तर खाली एक मिलिमीटरहून अधिक चाल बुडते. हे न पाहता क्लच प्लेटवर संशय घेतला तर या गाडीत अख्खे इंजिन बाहेर काढावे लागते! आपल्याकडच्या जीपचेही गिअरबॉक्स उतरवण्यावाचून भागत नाही. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर गाडी दोन दिवस उभी राहिली तर वडापवाल्याच्या हंगामाचे काय होते, ते त्याच्या घरच्यांना विचारावे. पिन पाहायला पाच मिनिटे पुरतात. फक्त स्वस्त आणि सोपी शक्यता आधी तपासायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त हवी.

ही शिस्त शिकवण्याची जागा विज्ञानाचा तास. तिथे मात्र फळ्यावर दोन नळकांडी काढली जातात, त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली जातात आणि नियम पाठ होतो. गणितात पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलगी क्लचखालची ओल पाहून काही बोलू शकत नाही, आणि ज्याला ती ओल वाचता येते त्या मुलाला ‘अभ्यासात कच्चा, म्हणून आयटीआय’ असे आपण म्हणतो. दोघांवरही हा अन्यायच आहे.

शाळांच्या सहली नळदुर्गला जातात. बोरी नदीवरचा १६१३ चा बंधारा आणि त्यातला पाणीमहाल पाहून मुले हरखतात, ते योग्यच. त्याच गावावरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो. शिक्षकांनी आधी विचारून ठेवून परतताना अर्धा तास एखाद्या गॅरेजापाशी थांबावे आणि उघडलेला मास्टर सिलिंडर मुलांच्या हाती द्यावा, अशी आमची सूचना आहे.

ते न जमले तर वर्गात इंजेक्शनच्या दोन नव्या, बिनसुईच्या पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, नळीने जोडाव्यात. एकदा नुसते पाणी भरून आणि एकदा मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवून मोठीचा दट्ट्या किती सरकतो ते पट्टीने मोजावे. भंगारवाल्याकडून जुना स्लेव्ह सिलिंडर आणला तर फारच उत्तम. तो उघडताना मात्र बाकावर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या अंथराव्यात, कारण आत राहिलेले तेल बाकाचा रंग उचलते, आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.