दलाली नसलेली शिफारस

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सिल्लोड हे तालुक्याचे गाव मका, कापूस आणि हिरवी मिरची यांच्या बाजारासाठी ओळखले जाते. मृगाच्या तोंडावर शेतकरी कृषी सेवा केंद्राच्या फळीपाशी उभा राहतो, तेव्हा कोणते बियाणे न्यावे आणि कोणते औषध फवारावे याचा सल्ला त्याला न मागताच मिळतो. त्या सल्ल्यात अनुभव किती आणि विक्रीवरील सवलत किती, हे कळण्यास मात्र मार्ग नसतो. म्हणून शहाणा शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन विचारतो, "तुम्ही स्वतः पेरलं होतं का?" कोणत्याही शिफारशीची खरी कसोटी या एका प्रश्नात आहे. सांगणाऱ्याने स्वतः अनुभव घेतला आहे काय, आणि सांगण्यात त्याचा काही लाभ गुंतला आहे काय?

पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न कोणाला विचारावयाचा? प्रकाशकाची जाहिरात विक्रीसाठी असते. वृत्तपत्रांतील परीक्षणे बहुधा मुंबई-पुण्याच्या वाचकाला समोर ठेवून लिहिली जातात. हातातील दूरध्वनीवर जे पुढे सरकविले जाते, त्यामागे तर जाहिरातदाराचाच हिशेब असतो. अशा वेळी तालुक्याच्या गावी एकच माणूस असा उरतो की ज्याला पुस्तक खपले काय आणि न खपले काय, कवडीचाही लाभ नाही. तो म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसणारा कर्मचारी. "हे मी गेल्या आठवड्यात वाचले, तुम्हीही वाचून पाहा," असे तो म्हणतो, तेव्हा बाजारपेठेच्या गावात दलालीविना मिळणारा तो एक दुर्मिळ सल्ला असतो. हे वाक्य आपल्या वाचनालयांतून किती वेळा ऐकू येते, आणि येत नसेल तर का, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

मराठवाड्याला या वाक्याचे मोल नव्याने शिकविण्याचे कारण नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, मराठी शिक्षणाची आबाळ होती आणि 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभा भरविण्यावर परवानगीचे जोखड होते. त्या काळात वाचनालये ही या भागातील जागृतीची केंद्रे ठरली. औरंगाबादच्या वाचनालयाला लोकमान्यांच्या स्मरणार्थ 'बलवंत' हे नाव दिले गेले, ते सहजगत्या नव्हे. जेथे व्यासपीठ मिळत नव्हते तेथे एकाने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देणे, हेच सार्वजनिक कार्य होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी या प्रदेशाला जे स्वातंत्र्य लाभले, त्याच्या पूर्वतयारीत या हातांचाही वाटा आहे.

पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवले होते की, पुस्तके जतन करणे एवढ्याने ग्रंथालयाचे काम संपत नाही. योग्य वाचक आणि योग्य पुस्तक यांची गाठ घालून द्यावी लागते. ही गाठ कपाट घालीत नाही, नोंदवही घालीत नाही. ती वाचलेला माणूस घालतो. आपल्या कायद्याने ग्रंथालयांना मान्यता दिली, अ, ब, क, ड असे वर्ग ठरविले आणि अनुदान दिले. परंतु तामिळनाडू व कर्नाटक यांच्या कायद्यांत असलेली ग्रंथालय कराची तरतूद त्यात नव्हती. परिणामी ग्रंथालयाचा संसार शासनाच्या कृपेवर चालू राहिला.

त्या कृपेचे स्वरूप आकड्यांतच पाहावे. २०१२ नंतर तब्बल दहा वर्षांनी, २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. त्या वाढीने 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० रुपयांवर गेले. त्यातील निम्मा वाटा वेतनाचा धरला, तर महिन्याकाठी २,००० रुपये होतात. म्हणजे वाढ झाल्यानंतरही गावोगावच्या ग्रंथपालाचे मोल दिवसाला सत्तर रुपयांच्या आत राहिले. मिरची तोडणाऱ्या मजूर स्त्रीची मजुरीही, अपुरी असली तरी, याहून अधिक असते. या रकमेत तो दार उघडतो, झाडलोट करतो, वर्गणी गोळा करतो आणि तपासणीसाठी नोंदवह्या लिहितो. पोटासाठी त्याला दुसरा उद्योग करावाच लागतो. त्याने रात्री कंदिलाएवढ्या उत्साहाने तीनशे पानांची कादंबरी वाचावी आणि सकाळी तिच्याविषयी आस्थेने बोलावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

दोष केवळ शासनाचा आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये राज्यभर झालेल्या पडताळणीत अनेक ग्रंथालये केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. अनुदानासाठी पाटी लावणारे संचालक आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरणारे ग्रंथपाल यांनीही या चळवळीची हानी केली आहे. परंतु लबाडांच्या पापाची शिक्षा प्रामाणिकांना झाली. नवी मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ थांबली, आणि जे खरोखर वाचीत होते तेही उपेक्षेत राहिले.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, आता कथा-कादंबरी मागावयास येतो कोण? वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे, तेथे मुले स्पर्धापरीक्षेची पुस्तके घेऊन बसतात. हे खरे आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ज्या घरात एक खोली आणि सहा माणसे, त्या घरातील मुलाला शांत जागा मिळणे हाही सामाजिक न्यायच आहे. परंतु पंचवीस जागांसाठी हजारो मुले झगडतात आणि बहुसंख्य अपयश घेऊन परततात, तेव्हा त्यांच्या हाती काय उरते? अशा एखाद्या मुलाला कर्मचाऱ्याने जोतीराव फुले यांचा १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' काढून दिला, तर बापाच्या कर्जाचे मूळ नशिबात नाही हे त्याला उमजेल. लगतच्या सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' दिल्या, तर ज्या रानाची त्याला लाज वाटू लागली आहे त्याच रानातून मराठी कविता नवी झाली, हे त्याला कळेल. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' दिली, तर गावातल्या शिंप्याच्या घरचे दुःखही साहित्याचा विषय होते, हे तो पाहील. ही पुस्तके प्रश्नपत्रिकेत येवोत अथवा न येवोत, माणूस उभा राहण्यासाठी ती लागतात. आणि ज्या घरांत उर्दू वाचली जाते, त्या घरांतील मुलामुलींनाही सिराज औरंगाबादीचा वारसा कोणीतरी दाखविला पाहिजे. एके काळी मराठीने उपेक्षा सोसली, म्हणून आज उर्दूने ती सोसावी असा न्याय असू शकत नाही.

कर्मचाऱ्याची शिफारस म्हणजे वाचकावर मत लादणे नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु वरून येणारी यादी निनावी असते; वाचणाऱ्या माणसाची शिफारस त्याच्या नावासह, चारचौघांत केलेली असते. न आवडल्यास वाचक दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आणून टेबलावर भांडू शकतो. हे भांडण लोकशाहीला पोषकच आहे.

म्हणून सिल्लोडसह प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने दारालगत एक फळा लावावा. ग्रंथपालापासून शिपायापर्यंत प्रत्येकाने महिन्यातून एकदा त्यावर आपण नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचे नाव आणि ते का वाचावे याची चार वाक्ये स्वतःच्या नावाने लिहावीत. यास खडूखेरीज खर्च नाही. संचालक मंडळांनी त्यात कोणाचे पुस्तक असावे वा नसावे, याविषयी हुकूम सोडू नयेत. आणि शासनाने वाचन हा ग्रंथालय कर्मचाऱ्याच्या कामाचाच भाग आहे असे मान्य करून त्याला निश्चित वेतनश्रेणी द्यावी व ग्रंथालय कराचा प्रश्न पुन्हा विधिमंडळापुढे आणावा. फळा उद्या लागू शकतो. वेतनासाठी मात्र वाचकांनाच कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे लागेल.

शेजाऱ्याच्या बांधावर विचारला जाणारा प्रश्न वाचनालयाच्या टेबलापाशीही विचारला जावा : "तुम्ही स्वतः वाचलं का?" त्यावर "होय" असे उत्तर देता येईल एवढी सवड आणि एवढी भाकरी त्या टेबलामागच्या माणसाला देणे, हे समाजाचे कर्तव्य आहे. ते न करता वाचनसंस्कृती लोपल्याचा शोक करण्याचा अधिकार कोणासही नाही.