रूळ नाहीत, पण स्लीपर आहेत!

जुन्नर आणि आंबेगाव. पुणे जिल्ह्यातले हे दोन तालुके, आणि दोन्ही मिळून रेल्वेचा एक फूटसुद्धा रूळ नाही. ट्रेन पकडायची तर पुणं गाठा, नाहीतर माळशेज उतरून कल्याण. तरीही नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात आपल्यासारख्या नोकरदारांनी जी फार्महाऊसं बांधली आहेत, त्यांत हल्ली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं फर्निचर दिसायला लागलंय. स्लीपरचं डायनिंग टेबल, स्लीपरचा बाक, स्लीपरचा झोपाळा. सोबत विशेषणं ठरलेली: हँडमेड, हेरिटेज आणि अर्थातच इको-फ्रेंडली.

मंडळी, माझं म्हणणं अगदी सरळ आहे. ते लाकूड कशात मुरलेलं आहे हे कळल्याशिवाय घरात आणू नका. आणि आणलंच, तर निदान त्याला पर्यावरणप्रेम म्हणू नका.

आधी स्लीपर म्हणजे काय ते बघू. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड. एका किलोमीटरला असे साधारण दीड हजार लागायचे. रेल्वेच्या लेखी लाकडाचे दोन वर्ग. साग, साल यांसारखी टिकाऊ लाकडं प्रक्रिया न करता वापरली जायची. चीर, कैल, देवदार वगैरे कमी टिकणाऱ्या लाकडांना मात्र क्रिओसोट पाजलं जायचं. त्यासाठी पंजाबात ढिलवाँला आणि बरेलीजवळ क्लटरबकगंजला खास कारखाने होते. लाकडी स्लीपर साधारण १२ ते १५ वर्षं टिकायचा. पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, १९९२ नंतर मीटरगेजचे मार्ग धडाधड ब्रॉडगेज झाले, आणि जुनं लाकूड भंगाराच्या लिलावात गेलं. तिथून ते आपल्या दिवाणखान्यात.

आता हे क्रिओसोट काय प्रकरण आहे? दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं काळं, उग्र वासाचं तेल. कीड आणि बुरशी मारण्यासाठीच ते बनवलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसी) त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलंय. युरोपियन युनियनने २००१ च्या निर्देशानुसार असं जुनं लाकूड इमारतीच्या आत, खेळण्यांमध्ये, मुलांच्या मैदानांवर आणि बागेतल्या फर्निचरमध्ये वापरायला बंदी घातली. अमेरिकेतही क्रिओसोटच्या घरगुती वापराला मान्यता नाही. तिकडे जे बागेतल्या बाकालाही चालत नाही, त्यावर आपण इकडे पिठलं-भाकरी वाढतोय!

"पण वरून रंधा मारलाय, पॉलिश केलंय" असं विक्रेता सांगतो. अहो, क्रिओसोट ब्रशने लावलेलं नसतं. मोठ्या बंद टाकीत दाब देऊन ते लाकडाच्या आत घुसवलेलं असतं. रंध्याने वरचा काळा थर जातो, आतला नाही. आणि रंधा मारताना जो भुसा उडतो, तो कोणाच्या छातीत जातो? साध्या रुमालाने तोंड बांधून काम करणाऱ्या सुताराच्या. 'हँडमेड'मधला हा हात कोणाचा, याचा उल्लेख पाटीवर कुठेच नसतो.

बरं, समजा लाकूड सालाचं किंवा सागाचं आहे, क्रिओसोट नाही. मग हरकत कमी, हे मी मान्य करतो. पण हा स्लीपर दहा-पंधरा वर्षं कुठे पडला होता ते आठवा. आपल्या गाड्यांना बायो-टॉयलेट आली ती गेल्या दशकात. त्याआधी डब्यातल्या संडासाचं भोक थेट रुळांवर उघडायचं. वर इंजिनाचं तेल, ग्रीस, तण मारायची औषधं. याला हेरिटेज म्हणायचं असेल तर म्हणा बापडे :)

सगळ्यात जोरदार युक्तिवाद राहिला. "निदान नवीन झाड तर तोडलं नाही ना?" खरंय, जुनं लाकूड पुन्हा वापरणं चांगलंच. पण आपण सॉफ्टवेअरवाले कुणाची लायब्ररी उचलताना लायसन्स बघतो, आत काय आहे ते तपासतो. फुकट मिळालं म्हणून थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही. मग जेवायच्या टेबलाला हा नियम का नको? शिवाय पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोचे हे ओंडके कुठल्या तरी दूरच्या यार्डातून ट्रकने इथे येणार, आणि त्याला आपण इको-फ्रेंडली म्हणणार!

झाडांचा विषय निघालाच आहे तर जुन्नरचीच एक गोष्ट सांगतो. जुन्नरजवळ हिवरे इथे कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. ती बघणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल तुटलं की पाणी आटतं, हे ते तेव्हा सरकारला बजावत होते. सहाच वर्षांनी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि मग देशभरातली जंगलं स्लीपरसाठी कापली गेली. १८६४ मध्ये स्वतंत्र वनखातं निघालं, त्यामागे स्लीपरसाठी लाकूड पुरत राहावं ही मोठी काळजी होती. म्हणजे ज्या भागातून जंगलतोडीविरुद्ध इशारा निघाला, तिथेच आपण त्या तोडीचे अवशेष पर्यावरणाच्या नावाने मिरवतोय.

आणि खरी रेल्वे? पुणे-नाशिक सेमी हायस्पीडचा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग मंचर, नारायणगाववरून आखला होता. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांना, त्याचा अडथळा होईल म्हणून रेल्वेने तो नाकारला आणि अहिल्यानगर-शिर्डीकडचा पर्याय पुढे केला. दुर्बीण महत्त्वाची आहेच, त्यावर माझा वाद नाही. पण नारायणगावचा टोमॅटो आजही रस्त्यानेच मुंबईला जातो. इथल्या शेतकऱ्याला रेल्वे गरज म्हणून हवी आहे आणि आपल्याला शोभेची वस्तू म्हणून. त्याच्या मागणीवर आपण एक ओळ लिहीत नाही, आणि भंगारातल्या स्लीपरसाठी मात्र हजारो रुपये मोजतो.

मग करायचं काय? जुनं लाकूडच हवं असेल तर पडलेल्या वाड्यांचे खांब, तुळया, दारं मिळतात. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये चौकशी करा. त्याहून सोपं म्हणजे गावातल्या सुताराकडे जा. हा बैलगाड्यांचा मुलूख. बाभळीच्या लाकडातून गाडीचं चाक उभं करणारे हात या भागात होते आणि अजून थोडे आहेत. त्यांच्याकडून एक साधा, दणकट बाक करून घ्या. करणाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत असेल आणि पैसेही गावातच राहतील.

आणि स्लीपरचाच हट्ट असेल तर विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. लाकूड कुठलं? प्रक्रिया केलेलं की न केलेलं? कुठल्या लिलावातून आलं, कागद आहे का? उत्तराऐवजी 'व्हिंटेज लुक'वर प्रवचन सुरू झालं, तर नमस्कार करून निघा. उन्हात तापल्यावर डांबराचा वास येत असेल तर विचारायचीही गरज नाही. आणि कृपा करून उरलेले तुकडे शनिवारी रात्रीच्या शेकोटीत घालू नका. क्रिओसोटचं लाकूड जाळलं की धूर विषारी होतो, आणि शेकोटीला सगळ्यात जवळ पोरंच बसलेली असतात.

बघा पटतंय का. ज्यांच्या घरी असं टेबल आधीच आहे त्यांनी रागावू नये, पण एकदा वाकून वास जरूर घ्यावा.