विश्लेषण : ‘अभ्यासाच्या गोळी’चा मोह का टाळावा?

परीक्षा तोंडावर आली की जागरण येते, चहाचे कप वाढतात आणि ‘लक्ष लागायची गोळी’ मिळेल का, अशी विचारणाही होते. दुसरीकडे, एडीएचडी (अवधान अस्थिरता व अतिचंचलता) असलेल्या मुलाला डॉक्टरांनी असेच औषध लिहून दिले, तर ‘पोराला नशेची गोळी कशाला?’ म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात. हा मोह आणि ही भीती, दोन्ही घातकच.

ही औषधे नेमके काय करतात?

मेंदूतील पेशी डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने सोडतात व पुन्हा आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही परतीची वाट अडवते. त्यामुळे एडीएचडी असलेल्या मुलाला हातातल्या कामावर टिकून राहणे सोपे जाते. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्येच बेन्झेड्रिन या उत्तेजकाने अनेक मुलांच्या शालेय कामात सुधारणा झाल्याचे नोंदवले होते.

झोप आणि वजनाशी संबंध काय?

हीच रसायने जाग आणि भूक यांवरही परिणाम करतात. म्हणून दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांना मोडाफिनिल देतात. लिसडेक्सअॅम्फेटामाइनला अमेरिकेत २००७ मध्ये एडीएचडीसाठी, तर २०१५ मध्ये प्रौढांमधील अनावर खाण्याच्या विकारासाठी मान्यता मिळाली. वजन घटवण्यासाठी मात्र नाही. भूक मारणाऱ्या सिब्युट्रामिनचा अनुभव बोलका आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्याने ते २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

निरोगी व्यक्तीने घेतल्यास?

जाग राहते, पण झोपेची उधारी फिटत नाही. वाचलेले पक्के होते ते झोपेतच. त्यामुळे रात्रभर डोळे उघडे राहिले म्हणजे अभ्यास झाला असे नाही. छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब, अस्वस्थता हे त्रास वेगळेच. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि क्वचित अंगावर गंभीर पुरळही उठते, हे मैत्रिणीकडून गोळी घेणाऱ्या मुलीला कोण सांगणार?

मग काय करायला हवे?

एडीएचडीचे निदान एका प्रगतिपुस्तकावरून होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. औषध सुरू झाल्यावर मुलाचे वजन, उंची, रक्तदाब आणि झोप यांवर नियमित लक्ष हवे. भूक मंदावली तर ते डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा वेळ बदलता येते, उत्तेजक नसलेला अॅटोमॉक्सेटिनचा पर्यायही आहे. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. पण कायद्याची ही कडक नजर औषध दुकानाच्या काउंटरवरही दिसली पाहिजे. त्याच वेळी, खऱ्या रुग्णाला चिठ्ठी पुढे करताना अपराधी वाटता कामा नये. गोळी कोणाला द्यायची हे निदानाने ठरावे. परीक्षेच्या वेळापत्रकाने किंवा शेजाऱ्यांच्या कुजबुजीने नव्हे.