यंत्राची चूक, माणसाला भुर्दंड

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एखाद्या बँकेच्या शाखेत किंवा पतसंस्थेच्या खिडकीपाशी घटकाभर उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानी पडते. निवृत्त शिक्षक पासबुक पुढे करून विचारतात, हप्ता तर भरला, मग थकबाकी कशी? खिडकीपलीकडचा तरुण लिपिक पडद्याकडे पाहून उत्तर देतो, "सिस्टीमला असंच दिसतंय, काका." या उत्तरापुढे बोलणेच खुंटते. लिपिक खोटे बोलत नसतो. शिक्षकांची तक्रारही खोटी नसते. मात्र दोघांच्या मध्ये असलेल्या यंत्राकडून रात्री केव्हातरी चूक झाली असेल आणि त्याने ती कोणालाच सांगितली नसेल, ही शक्यता त्या क्षणी कोणाच्याही ध्यानात येत नाही.

आपल्या सार्वजनिक व्यवहारात संगणक आला, त्याला आता एक पिढी उलटून गेली. तो आला तेव्हा माणसांच्या नोकऱ्या जातील काय, यावर पुष्कळ वाद झाला. कामाचा वेग किती वाढला, याचे कौतुकही पुष्कळ झाले. परंतु यंत्र चुकले म्हणजे ते नेमके काय करते, हा साधा प्रश्न ना संचालक मंडळांनी विचारला, ना ग्राहकांनी. तो तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून सोडून देण्यात आला. वास्तविक तो पगारदार, पेन्शनदार आणि कर्जदार अशा प्रत्येकाच्या पदराशी निगडित असलेला प्रश्न आहे.

किर्दीची शिस्त

हाताने किर्द-खतावणी लिहिण्याच्या काळात चुका कमी होत असत, असे मुळीच नाही. आकडे उलटसुलट पडत, एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर चढे. परंतु त्या व्यवस्थेत चुकीला लपावयास जागा थोडी होती. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, हा नियम होता. तेरीज पत्रकात पाच पैशांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत दिवस मिटत नसे. चुकलेला आकडा खोडून नाहीसा करावयाचा नसे; त्यावर एक रेघ मारून, वर बरोबर आकडा लिहून, बाजूला सही करावयाची असे. अर्थात चूक, तिची दुरुस्ती आणि ती करणारा माणूस अशा तिन्ही गोष्टी कागदावर राहत. जो फरक सापडतच नसे, तो अनामत म्हणून वेगळा दाखविला जाई, म्हणजे निदान तो डोळ्यांसमोर राही.

संगणकशास्त्रज्ञांनीही हीच शिस्त आपल्या परीने स्वीकारली आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९७० नंतरच्या दशकात ज्या कल्पनेची बांधणी केली आणि ज्या कार्यासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, ती कल्पना म्हणजे 'व्यवहार' हीच होय. एका खात्यातून पैसे वजा होणे आणि दुसऱ्यात जमा होणे ही दोन कामे नसून एकच व्यवहार आहे. तो पुरा व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. अर्धा राहता कामा नये. मध्येच वीज गेली वा एखादा आकडा नियमात बसला नाही, तर झालेले सर्व परत फिरवून खाती पूर्ववत करावीत. या माघारीला तंत्रज्ञ 'रोलबॅक' म्हणतात. तत्त्व निर्दोष आहे. दोष शिरतो तो ते अमलात आणताना.

रात्रपाळीचा अदृश्य कारकून

बँकेचे दार बंद झाल्यावर रात्री व्याज आकारणे, हप्ते वळते करणे, थकबाकी ठरविणे ही कामे बहुधा डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेल्या लहान लहान आज्ञावल्या करतात. त्यांना 'स्टोअर्ड प्रोसिजर' असे नाव आहे. हा रात्रपाळीचा अदृश्य कारकूनच समजावा. सांगितलेले काम तो न थकता करतो. पण अडचण आल्यास काय करावयाचे, हेही त्याला आधीच सांगून ठेवावे लागते.

येथेच तीन वाटा फुटतात. पहिली वाट म्हणजे थांबणे आणि केलेले परत फिरविणे. दुसरी म्हणजे चुकलेले खाते बाजूला काढून त्याची नोंद ठेवणे, उरलेले काम पुढे चालविणे आणि सकाळी जबाबदार माणसाला ती यादी देणे. तिसरी वाट गप्प बसण्याची. ओरॅकल या प्रसिद्ध डेटाबेसच्या भाषेत 'व्हेन अदर्स देन नल' अशी चार शब्दांची आज्ञा लिहिता येते. अन्य कोणतीही चूक झाली, तर काहीच करू नकोस, असा तिचा अर्थ. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपर्यंत प्रत्येक आज्ञेनंतर चुकीचा क्रमांक स्वतंत्रपणे तपासावा लागे. तो तपासावयाचा राहिला, की कित्येक चुकांच्या बाबतीत यंत्र पुढची आज्ञा खुशाल पार पाडी. त्या आवृत्तीत 'ट्राय-कॅच' ही चूक एका ठिकाणी पकडण्याची सोय आली. पण सोय असणे निराळे आणि ती वापरणे निराळे. पकडलेल्या चुकीचे पुढे काय करावयाचे, हे शेवटी लिहिणाऱ्यावरच अवलंबून राहते.

आणखी एक बारकावा कारकुनी पेशातील वाचकांना चटकन उमजेल. चूक झाल्याची नोंद त्याच व्यवहाराच्या पोटात लिहिली असेल, तर व्यवहार परत फिरविताना ती नोंदही पुसली जाते. किर्दीच्या बिघडलेल्या पानावरच शेरा मारावा आणि मग ते पानच फाडून टाकावे, तसा हा प्रकार. म्हणून चुकांची वही व्यवहाराहून स्वतंत्र ठेवावी, असे जाणते तंत्रज्ञ सांगतात.

गप्प बसण्याची वाट निवडणारे सारेच बेजबाबदार असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लाखो खात्यांचे काम एका खात्यापायी अडले, तर सकाळी शाखा उघडणार नाही आणि वरिष्ठ जाब विचारतील, ही त्यांची भीती खरी आहे. परंतु त्यावर दुसरी वाट उपलब्ध आहे. तिच्यासाठी थोडे अधिक श्रम आणि सकाळी यादी वाचणारा एक माणूस लागतो. बहुतेक ठिकाणी उणीव भासते ती या माणसाचीच.

२०१७ ची यादी

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने एकदा चारचौघांत मोजली आहे. २४ जून २०१७ रोजी राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज संगणकावरून भरावयाचे, पात्रता संगणकाने ठरवावयाची, अशी योजना होती. पूर्वीच्या कर्जमाफ्यांत झालेले गैरप्रकार पाहता यंत्राकडून छाननी करवून घेण्याचा हेतू गैर म्हणता येणार नाही. १८ ऑक्टोबरला काही शेतकऱ्यांना समारंभपूर्वक प्रमाणपत्रेही देण्यात आली. त्यानंतर बँकांकडे याद्या गेल्या आणि गोंधळ उघडकीस आला. अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक, तर कोठे एकच खाते क्रमांक आढळला. याद्यांची फेरतपासणी करावी लागली आणि पैसे मिळण्यास विलंब झाला. त्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीचे आमदार प्रकाश आबिटकर यांचे प्रकरण गाजले. आमदारांना योजनेतून वगळलेले असतानाही आपल्या खात्यावर २५,००० रुपये जमा झाल्याचे त्यांनी स्वतःच उघड केले.

एकच आधार क्रमांक दोन माणसांपुढे आला, की थांबावे, ही अट डेटाबेसला घालता येणाऱ्या अगदी प्राथमिक अटींपैकी आहे. ती मोडल्यावर यादी आतच अडावयास हवी होती. प्रत्यक्षात ती बाहेर पडली आणि तिच्यातील विसंगती बँकांतील माणसांच्या नजरेला आली. आमदारांचे म्हणणे सभागृहात ऐकले जाते. ज्या शेतकऱ्याचे नाव यादीत आलेच नाही, त्याने कोणत्या सभागृहात बोलावे? त्याच्या वाट्याला बँक, सोसायटी आणि तहसील यांचे हेलपाटे आले. आणि पुन्हा तेच उत्तर, सिस्टीमला असंच दिसतंय.

विलायतेतील धडा

हे मागासलेल्या देशाचे दुखणे आहे, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणक प्रणाली बसविली. तिच्यातील दोषांमुळे खेड्यापाड्यांतील उपडाकपालांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. त्यांनी तक्रारी केल्या. प्रणाली बिनचूक आहे, असे त्यांना सांगण्यात आले. कित्येकांनी पदरचे पैसे घालून तूट भरली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांवर खटले होऊन शिक्षा झाल्या, काहींना तुरुंगात जावे लागले. प्रणालीत दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले, आणि या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. संगणक ठीक चालत होता, असे गृहीत धरण्याचा तेथील न्यायालयांचा प्रघात होता. त्यामुळे यंत्र चुकले, हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्यापाशी यंत्राची आतली कोणतीही नोंद नव्हती, त्याच्याच डोक्यावर पडले.

आपल्याकडे पुराव्याच्या कायद्याने वेगळी वाट धरली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुराव्यात आणताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या काळात संगणक योग्य रीतीने चालत होता, ही त्यामागील एक अट आहे. परंतु ज्या संस्थेचा प्रोग्रॅम चुका गिळून टाकतो, तेथील अधिकाऱ्याने या प्रमाणपत्रावर कशाच्या आधारे सही करावयाची? चुकांची वही कोरी असणे हा यंत्र निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही. कदाचित ती वहीच कोणी उघडली नसेल.

प्रश्न कोणी विचारावयाचा?

दिलासा देणारे एक उदाहरणही आहे. एटीएममधून नोटा बाहेर न येताच खात्यातून रक्कम वजा होते, हा अनुभव पुष्कळांना आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी नियम आखला. अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत परत जमा करावी, न केल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, आणि ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहू नये. या नियमाचे मोल रकमेत नाही. यंत्र चुकणार, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. आणि चूक शोधण्याची जबाबदारी यंत्र चालविणाऱ्यावर टाकली.

हेच तत्त्व सहकारी संस्था, शासकीय योजना आणि विद्यापीठांचे निकाल यांनाही लावले पाहिजे. प्रोग्रॅम विकत घेताना संचालकांनी पुरवठादाराला विचारावे, की चूक झाल्यास हा प्रोग्रॅम थांबतो, नोंद ठेवतो की गप्प बसतो? लेखापरीक्षकांनी ताळेबंदाबरोबर चुकांची वहीही मागावी. रोज सकाळी ती वाचून सही करण्याचे काम एका नावाच्या माणसाकडे द्यावे. आणि सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्केवारीवर जेवढा वेळ घालविला जातो, त्यातील थोडा वेळ या प्रश्नाला द्यावा. यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पाच पैशांच्या फरकासाठी रात्र जागविणाऱ्या जुन्या कारकुनाला जी बुद्धी होती, तेवढी पुरे आहे.

मंगळवार पेठेतील त्या खिडकीवरच्या तरुण लिपिकालाही मग वेगळे उत्तर देता येईल. "सिस्टीमला असंच दिसतंय, काका, पण कालच्या चुकांच्या यादीत तुमचं खातं आहे का, ते आधी बघतो." एवढे उत्तर मिळू लागले, तरी शिक्षकांना आपला खरेपणा पासबुक दाखवून सिद्ध करीत बसावे लागणार नाही.