गोळ्या वाढवून कीड मरत नाही

गव्हाच्या थप्पीला धुरी दिली, आठवड्याने ताडपत्री काढली आणि थोड्याच दिवसांत पोत्यांच्या शिवणींतून किडे पुन्हा बाहेर पडू लागले, की पहिला ठपका गोळ्यांवर येतो. ‘माल हलका आला’ म्हणायचे आणि पुढच्या खेपेला टनामागे दोन गोळ्या जास्त टाकायच्या, अशी सर्रास पद्धत पडली आहे. ही पद्धत चुकीची आहे आणि घातकही.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची ही धुरीची 3 ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याशी रासायनिक क्रिया होऊन साधारण 1 ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. पूर्वी जोडीला मिथाइल ब्रोमाइड होते. ओझोनच्या थराला ते मारक म्हणून माँट्रियल करारानुसार 2015 पासून विकसनशील देशांतही त्याचा सर्वसाधारण वापर थांबला. आता बहुतेक सगळा भार एकट्या फॉस्फिनवर आहे आणि त्यालाच कीड दाद देईनाशी झाली आहे.

यावर ‘किड्यांना सवय झाली’ असे म्हटले जाते. तेही खरे नाही. कोणताही किडा वायू हुंगून हुंगून पक्का होत नाही. जन्मतःच चिवट असलेले मोजके किडे अर्धवट धुरीतून वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात आणि पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात ही चिवटता कुठून येते, याचा छडा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये लावला: पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या एका विकराच्या जनुकात बदल झालेला असतो. प्रखर प्रतिकारासाठी असे दोन जनुकांतले बदल आई आणि बाप या दोघांकडूनही यावे लागतात. एकाच बाजूचा वारसा मिळालेला किडा पुऱ्या धुरीत बहुधा मरतो. गळक्या धुरीत तो जगतो, आणि अशाच दोघांच्या संकरातून न मरणारी संतती निपजते. म्हणजे हा प्रतिकार आपण आपल्याच गोदामात पोसतो.

मग गोळ्या वाढवल्या तर? फॉस्फिनचा मारा मात्रेपेक्षा मुदतीवर अधिक चालतो. वायू एकदम दाट झाला तर किडे गुंगीत जातात, त्यांचा श्वास मंदावतो आणि विष आत कमी जाते. अंडी आणि कोष तर मुळातच सोशिक. ती पुढच्या अवस्थेत जाईपर्यंत वायू टिकला पाहिजे. ताडपत्रीला भोक असेल, कडेवरच्या वाळूच्या पिशव्यांत वीतभर फट राहिली असेल, तर दुप्पट गोळ्यांचा वायूही त्याच वाटेने निघून जातो. वर तिथे काम करणाऱ्या हमालाच्या जिवाला धोका, तो वेगळाच.

‘नवे औषध येईल’ ही आशाही फार ताणू नये. ऑस्ट्रेलियात फॉस्फिनला न जुमानणाऱ्या किडीवर सल्फ्युरिल फ्लोराइड वापरतात, पण अंड्यांवर त्याचा जोर कमी पडतो.

खरा उपाय हवाबंदपणाचा. ऑस्ट्रेलियात बंदिस्त कोठीची परीक्षा साधी आहे: आत हवा भरून नळीतल्या पाण्याच्या पातळीत 25 मिलिमीटर फरक आणायचा, तो निम्म्यावर यायला 5 मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला तर कोठी गळकी. आधी गळती बुजवायची, मग धुरी. आपल्याकडच्या पेवाचेही हेच तत्त्व होते. नीट लिंपलेल्या पेवात धान्याच्या आणि किड्यांच्या श्वासानेच प्राणवायू संपत येई आणि कीड गुदमरे. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, असा दंडक होता.

‘ट्रक दारात उभा आहे, धुरीला लागणारे सात दिवस कुठून आणू?’ ही गोदामवाल्याची अडचण खोटी नाही. पण तीन दिवसांत ताडपत्री ओढायची असेल तर धुरी न दिलेलीच बरी. निदान चिवट किडे निवडून काढण्याचे काम तरी होणार नाही. जुने बारदान, कोपऱ्यातली झाडलोट, थप्पीखाली सांडलेला भुसा रोज उचलला, धान्य कोरडे करून आत घेतले, तर धुरीची पाळीच कमी येते.

घरच्या कणगीत तर या गोळ्या कदापि टाकू नयेत. त्या वायूने माणसे दगावली आहेत. आणि गोदाम सांभाळणाऱ्यांनो, पुढच्या धुरीला जादा गोळ्यांची मागणी लिहिण्याआधी वायू मोजण्याचे यंत्र मागा, आणि शेवटच्या दिवशी ताडपत्रीखाली किती वायू उरला आहे ते वहीत नोंदवा.